गिऱ्हाइकाचा प्रश्न आधी, आपले कौतुक नंतर

— ऊस विकास अधिकारी



या अंकात खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहा, अशी संपादक मंडळाची सूचना होती. खोडव्यावर पुढच्या अंकात लिहीन. या वेळी जरा वेगळ्या लागणीवर लिहितो आहे, आणि त्याला कारण माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे म्हणणे नीट ध्यानात येईल.

आपल्या कार्यक्षेत्रात गोदाकाठच्या एका गावी महिला बचत गटाने तीन वर्षांपूर्वी गुऱ्हाळ सुरू केले. गटातल्या बहुतेक भगिनी आपल्या सभासदांच्याच घरातल्या. एक किलोची ढेप, गुळाच्या वड्या, गुळाची पावडर आणि काकवी असा त्यांचा माल. माल चोख. पहिल्या वर्षी तो शहरातल्या प्रदर्शनात आणि नात्यागोत्यात खपला. दुसऱ्या वर्षी गटाच्या अध्यक्षांच्या मुलाने ऑनलाइन दुकान काढून दिले. म्हणजे फोनवर दुकान उघडायचे, माल बघायचा, पैसे भरायचे आणि माल कुरिअरने घरपोच. दुकान निघाले खरे, पण तिकडे गिऱ्हाईक फिरकेना. दुकान हमरस्त्यावर नाही, मळ्यात आतल्या बांधावर मांडले आहे, अशी गत झाली.

तेव्हा ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "साहेब, तुमच्या शहरात ओळखी आहेत. गुगलवर आपलं दुकान वर कसं येतं, ते कुणाला तरी विचारा ना."

मी त्यांना शहरातल्या एका कचेरीत घेऊन गेलो. तिथल्या तरुणाने संगणकावर भराभरा आकडे दाखवले. दुकानाच्या वेबसाइटवर गुळासंबंधी तीस लेख टाकू, लोक गुगलवर जे शब्द शोधतात ते त्यात पेरू, सहा महिन्यांत पहिला नंबर, खात्री आमची, असे तो म्हणाला. गटाने बचतीतले १८ हजार रुपये मोजून दिले. मी शेजारी बसून मान हलवत होतो.

तीस लेख महिन्याभरात आले. गुळाचे दहा फायदे, गुळाचे पंधरा फायदे, गुळाचे आश्चर्यकारक फायदे, अशी त्यांची नावे. एकच चिपाड तीस वेळा चरकात घातल्यासारखे. त्यातला एक लेख होता, मधुमेहींसाठी गूळ हे गोड वरदान. मी तो वाचला तेव्हा मला खटकले. विचारले, तर त्या तरुणाचे उत्तर तयार होते, "साहेब, हाच शब्द सगळ्यात जास्त शोधला जातो." मी गप्प बसलो. शेतकी पदविका घेतलेला, वीस वर्षे उसात काढलेला माणूस मी, आणि गप्प बसलो.

चार महिन्यांनी अध्यक्षताईंना पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या आईला मधुमेह. त्यांनी तो लेख वाचून आईसाठी गूळ मागवला होता आणि आई रोज चहात, भाकरीबरोबर तो खात होत्या. तपासणीत साखर बरीच वाढलेली निघाली. गृहस्थ रागावले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "ताई, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे का?" ताईंना उत्तर देता येईना. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "नाही साहेब, ते खरं नाही." त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे.

कारखान्याच्या माणसाने गुळाची वकिली का करावी?

हा प्रश्न काही सभासदांच्या मनात येईल. हिशेब सोपा आहे. १०० किलो उसापासून साधारण १० ते १२ किलो गूळ होतो. गटाने वर्षाला १० टन गूळ केला तर त्यांना १०० टनांच्या आसपास ऊस लागेल. रोज २,५०० टन गाळप करणारा कारखाना तेवढा ऊस एका तासात गाळतो. तेव्हा गाळपाला तोटा येईल ही भीती नको. उलट सभासदाच्या घरात चार पैसे जास्त आले तर तो उसालाच खत-पाणी वेळेवर देईल.

शिवाय हा प्रश्न एकट्या गुळाचा नाही. आपल्या भागात कोणी केसर आंबा पेटीने थेट विकतो, कोणी मोसंबी, कोणाच्या घरी पापड-मसाले होतात, पैठणला तर पैठणी विणली जाते. घरोघरची मुले आता ऑनलाइन दुकाने काढू लागली आहेत, आणि दुकानासाठी लेख लिहून देणारेही दारोदार फिरू लागले आहेत. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, हे खरेच आहे. बोलले पाहिजे. पण काय बोलावे, केव्हा बोलावे आणि कोणाशी बोलावे, याचे नियोजन आपले आपण करावे, ते दुसऱ्यावर सोपवू नये, असे माझे मत आहे.

लोक काय विचारतात?

गुगल ही कंपनी १९९८ साली अमेरिकेत निघाली. तिचे यंत्र जगभरच्या वेबसाइटची पाने वाचते, त्यांची नोंद ठेवते, आणि कोणी काही विचारले की त्या प्रश्नाला जुळणारी पाने क्रमाने पुढे मांडते. म्हणजे तिथे येणारा प्रत्येक माणूस मनात काहीतरी प्रश्न घेऊन आलेला असतो. आपला लेख त्या प्रश्नाचे उत्तर असला तर तो आपल्या दारात येतो. आपला लेख म्हणजे आपलेच कौतुक असले तर तो का यावा?

गुळाचे फायदे हे शब्द पुष्कळ लोक शोधतात, यात खोटे नाही. पण त्या शब्दांवर मोठी वर्तमानपत्रे, डॉक्टरांच्या वेबसाइट, मोठमोठ्या कंपन्या आधीच ठाण मांडून बसल्या आहेत. आठवडी बाजारात जिथे शंभर मालमोटारी उभ्या आहेत तिथे आपली हातगाडी कोणाला दिसणार? आणि फायदे वाचणारा माणूस गूळ घ्यायलाच आला आहे असेही नाही. त्याउलट पुरणाला कोणता गूळ घ्यावा, असे विचारणारी बाई उद्या-परवा पुरण घालणार आहे. प्रश्न लहान, विचारणारे थोडे, पण त्यातली कितीतरी माणसे खरी गिऱ्हाइके असतात. आपण त्यांच्यासाठी लिहावे.

हे प्रश्न शोधायला पैसे पडत नाहीत. गटाने आता जी पद्धत ठेवली आहे ती सांगतो.

१) वही. व्हॉट्सअॅपवर, फोनवर, प्रदर्शनात गिऱ्हाईक जे विचारते ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहायचे. आपण प्लॉटची नोंद जशी करतो तशी, तारीख घालून. माझ्या मते हे साधन सगळ्यांत मोलाचे. दोन महिन्यांत गटाच्या वहीत चाळीसच्या वर प्रश्न जमले.

२) गुगलच्या चौकटीत गूळ हा शब्द टाइप करून थांबायचे. खाली आपोआप पुढचे शब्द येतात. ते इतर लोकांनी शोधलेल्या शब्दांवरून येतात. उत्तरांच्या यादीत लोक आणखी काय विचारतात, तेही बऱ्याचदा दाखवलेले असते.

३) गुगल ट्रेंड्स नावाची फुकट सोय २००६ सालापासून आहे. एखादा शब्द वर्षाच्या कोणत्या महिन्यात जास्त शोधला जातो ते तिथे आलेखाने दिसते.

४) गुगल सर्च कन्सोल ही दुसरी फुकट सोय. आपले पान कोणत्या शब्दांवर लोकांपुढे आले, किती वेळा आले आणि किती जणांनी ते उघडले, हे ती सांगते. म्हणजे लेख टाकल्यावरची उगवण मोजायची सोय झाली.

यातून निघालेले काही प्रश्न बघा. गुळाचा चहा का फाटतो? तिळगुळाच्या वडीला चिक्कीचा गूळ घ्यावा की साधा? पावसाळ्यात गूळ का पाघळतो? पिवळाधमक गूळ चांगला की तपकिरी? काकवी किती दिवस टिकते? हे प्रश्न शहरातल्या कचेरीत बसून सुचणारे नाहीत. आणि यांची उत्तरे आपल्याजवळ आहेत.

गूळ थोडासा आम्ल असतो, त्यात क्षारही असतात, म्हणून दुधाबरोबर उकळला की दूध फाटते. तेव्हा चहा खाली उतरवून मग गूळ घालावा आणि दूध वेगळे तापवून शेवटी मिसळावे. एवढे चार ओळींत सांगितले की बाईचा चहा वाचतो आणि तिला आपला विश्वास वाटतो. पाघळण्याचेही तसेच. उसातल्या साखरेचे जेवढे ग्लुकोज-फ्रुक्टोज झाले असेल तेवढा तो गूळ हवेतले पाणी जास्त ओढतो. ऊस शिळा असला, लोळलेला असला, फार पक्व होऊन गेला असला की हे प्रमाण वाढते. म्हणून तोडलेला ऊस त्याच दिवशी गाळला पाहिजे. ही गोष्ट मी शेतकऱ्याला वीस वर्षे सांगत आलो. गिऱ्हाइकालाही ती सांगावी, हे मला कधी सुचले नव्हते.

एका प्रश्नाला एकच लेख, हाही नियम पाळावा. एकाच प्रश्नावर पाच लेख टाकले तर ते एकमेकांच्या अंगावर पडतात, कोणता पुढे करावा ते यंत्रालाही कळत नाही. आपण दाट लागण करत नाही, त्याचे कारणही हेच. लेखाचे नाव म्हणजे तोच प्रश्न असावा, उत्तर पहिल्या चार ओळींत असावे, सविस्तर कारण नंतर यावे, फोटो आपल्या गुऱ्हाळाचा असावा, आणि शेवटी आपला माल कुठे मिळेल ते एका ओळीत सांगावे. सुरुवातीलाच माल पुढे केला की वाचणारा निघून जातो.

लागणीचे वेळापत्रक

आपण आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्टमध्ये करतो, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. कारखाना पेटल्यावर कोणी लागणीला निघत नाही. लेखाचे अगदी तसेच आहे, पण पी हळद आणि हो गोरी अशी घाई इथे सगळ्यांनाच असते. असली कामे करून घेतल्यावर फळ दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागते, असे खुद्द गुगलच्याच लोकांनी २०१७ साली सांगून ठेवले आहे. पहिल्या नंबरची खात्री कोणीही देऊ शकत नाही, हेही गुगल स्वतःच लिहिते. त्या कचेरीत जाण्याआधी मी एवढे वाचले असते तर गटाचे पैसे वाचले असते.

तेव्हा सणाचा लेख सणाच्या आठवड्यात टाकून उपयोग नाही. गटाने पुढील वर्षाचा कार्यक्रम असा आखला आहे.

संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते. तिळगुळाचा लेख सप्टेंबरच्या सुरुवातीलाच टाकायचा. चिक्कीच्या गुळाने वडी कडक होते, साध्या गुळाचा लाडू मऊ राहतो, हे त्यात सांगायचे.

होळी आणि पाडवा मार्चच्या आसपास. पुरणाचा लेख ऑक्टोबरमध्ये.

नवा गूळ बाहेर पडतो तो गळिताच्या हंगामात. नवा गूळ कसा ओळखावा, रंग कशाने येतो, हा लेख जुलैमध्ये.

उन्हाळ्यात कैरीचे पन्हे. त्यातल्या गुळाच्या प्रमाणाचा लेख डिसेंबरमध्ये.

पावसाळ्यात गूळ पाघळतो. तो कसा ठेवावा, हा लेख फेब्रुवारीत.

गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मोदकाच्या सारणाचा लेख एप्रिलमध्ये.

चहा बारमाही. तो लेख आधीच टाकला आहे.

महिन्याला एक, वर्षाला बारा. यापेक्षा जास्त लेख गटाला झेपणार नाहीत आणि लागणारही नाहीत. लेख एकदा टाकला म्हणजे संपले असेही नाही. तोडणीनंतर आपण बुडखे छाटतो, नांग्या भरतो, म्हणून खोडवा पिकतो. तसे दरवर्षी जुना लेख काढून वाचावा, गिऱ्हाइकाने नवे काय विचारले ते त्यात भरावे, चुकलेले काढावे. चांगला जुना लेख हा खोडवाच आहे. लागणीचा खर्च वाचतो आणि पीक मिळत राहते. बघा, संपादकांनी सांगितलेला विषय शेवटी आलाच.

शब्दांची एक आपल्या भागापुरती गोष्ट. २०२३ साली आपल्या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. पण परगावचे पुष्कळ लोक अजून औरंगाबाद असेच टाइप करतात. काही जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात. दुकानाच्या पत्त्याच्या पानावर आजचे नाव ठळक द्यावे आणि पूर्वीचे नावही एका वाक्यात नमूद करावे. यात कोणताही वाद नाही. टपाल नीट पोचावे म्हणून आपण पाकिटावर खुणेची जागा लिहितो, तितकेच ते आहे.

जास्त शोधले जाते, म्हणून लिहावे काय?

आता मूळ मुद्द्यावर येतो. शोधल्या जाणाऱ्या शब्दांची यादी आपल्याला लोकांचे प्रश्न दाखवते. तिची मदत तिथे संपते. उत्तर काय द्यायचे ते ती यादी ठरवू शकत नाही. लोक मधुमेह आणि गूळ हे शब्द शोधतात, कारण त्यांना गोड सोडवत नाही आणि कोणीतरी हो म्हणावे असे वाटते. त्या आशेवर माल विकणे सोपे आहे. पण आपल्याच अन्न नियमांनुसार गुळाच्या कोरड्या वजनात एकूण शर्करा ९० टक्क्यांपेक्षा कमी नसावी लागते. गुळात थोडे लोह असेल, थोडे क्षार असतील, पण मुळात ती साखरच. मधुमेही माणसाने तो साखरेइतकाच जपून आणि डॉक्टरांना विचारूनच खावा. अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करण्याला २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनी मनाई आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कचेरीवाला पैसे घेऊन मोकळा होतो. पानावर नाव गटाचे असते.

दुसरा मोह नावाचा. कोल्हापुरी गूळ हे शब्दही पुष्कळ शोधले जातात. ते शब्द घाला, असाही सल्ला मिळाला होता. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. गोदाकाठचा गूळ त्या नावाने विकणे म्हणजे दुसऱ्याच्या ढेपेवर आपला शिक्का मारणे. उद्या आपली पैठणी, मराठवाड्याचा केसर, जालन्याची मोसंबी या नावांनी कोणी परका माल खपवला तर आपल्याला चालेल का? पैठणीला मानांकन २०१० साली मिळाले, केसर आणि मोसंबीला २०१६ साली. जे सभासद हा माल विकतात त्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून ते नाव अभिमानाने लिहावे. ज्यांचा माल तो नाही त्यांनी लिहू नये.

तिसरा मोह रंगाचा. केमिकलमुक्त हा शब्द हल्ली जो तो लिहितो. पिवळाधमक रंग यावा म्हणून गुऱ्हाळात हायड्रॉस पावडर टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. नियमाने गुळात गंधक डायऑक्साइड दशलक्ष भागांत ७० भागांपर्यंतच चालतो. आमचा गट हायड्रॉस वापरत नाही, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढतो, म्हणून त्यांचा गूळ तपकिरी असतो. मग तेच लिहावे. आमचा गूळ तपकिरी का असतो, हाच लेख. त्याखाली काहिलीपाशी उभ्या असलेल्या गुळव्याचा फोटो. आडात असेल ते पोहऱ्यात येतेच. ज्याच्या आडात नाही त्याने हा लेख लिहू नये, एवढेच.

मी एक नियम सुचवला आणि गटाने तो मान्य केला. गिऱ्हाईक गुऱ्हाळात समोर उभे असताना त्याच्या तोंडावर जे सांगता येणार नाही, ते लेखात लिहायचे नाही.

यावर एक शंका येईल. खोटे लिहिणाऱ्यांचा माल तर धडाक्याने खपतो, मग आपणच का सोवळे पाळायचे? शंका रास्त आहे. पण प्रदर्शनातले गिऱ्हाईक एकदाचे असते. ऑनलाइन दुकानात पहिल्या ढेपेवर कुरिअर आणि खोक्याचा खर्च काढला तर फारसे काही हाती राहत नाही. नफा आहे तो दुसऱ्या, तिसऱ्या मागणीत. फसलेला माणूस दुसरी मागणी करत नाही आणि चार जणांना सांगतो. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपल्याच वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे.

लिहायचे कोणी?

भाड्याने लिहून घेतलेल्या लेखांचे काय होते ते आपण पाहिले. आता तर संगणकच घटकेत शंभर लेख लिहून देतो. फुकटात मिळतात म्हणून तेही भराभर टाकायचा मोह होईल. पोकळ लेखांना मागे ढकलण्याचे काम गुगलने २०११ सालापासून चालवले आहे. मार्च २०२४ मध्ये तर केवळ वर येण्यासाठी घाऊक लेख टाकणाऱ्यांवर नियम केला, मग ते यंत्राने लिहिलेले असोत की माणसाने. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही बऱ्याच प्रश्नांचे उत्तर गुगलचे यंत्र स्वतःच वरती देऊ लागले आहे. त्यामुळे सगळ्यांना ठाऊक असलेली माहिती वाचायला आपल्या पानावर कोणी येणार नाही. जे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे तेच लिहिण्यात आता अर्थ उरला आहे. शुद्धलेखन तपासायला, हिंदी-इंग्रजी करायला यंत्र जरूर वापरावे. माहिती मात्र काहिलीपासूनच यावी.

गटात बारावी झालेली एक मुलगी आहे. ती वहीतला प्रश्न गुळव्या काकांना विचारते, त्यांचे बोलणे फोनवर उतरवून घेते आणि पानभर लिहून काढते. मग गटाच्या बैठकीत वाचून दाखवते. बायका चुका काढतात, हसतात, भर घालतात. ऊस आणि जमिनीसंबंधी काही असेल तर मी बघतो. खर्च शून्य. पहिला लेख लिहायला तिला बारा दिवस लागले, आता दोन दिवसांत होतो.

सगळे छान छान झाले असे सांगत नाही. जुने तीसही लेख काढून टाकल्यावर पाहणाऱ्यांची संख्या आधी घटली. सहा महिने काही हलले नाही. एक-दोन भगिनी म्हणाल्याही, होतं ते काय वाईट होतं? आता चहाचा लेख सर्वांत जास्त उघडला जातो आणि दर आठवड्याला त्या वाटेने दोन-चार मागण्या येतात. नव्या लेखांत एक असाही आहे, मधुमेह असेल तर गूळ चालतो का? त्याचे उत्तर पहिल्याच ओळीत आहे, नाही, साखरेइतकाच जपून. त्या लेखावरून मागणी येत नाही. तो तिथे असू द्यायचा, असे बैठकीत ठरले. पुण्याच्या गृहस्थांना आम्ही त्यांचे पैसे परत पाठवले. त्यांनी पुन्हा गूळ मागवलेला नाही, आणि मागवावा अशी अपेक्षा धरण्याचा आम्हाला हक्कही नाही.

१८ हजारांतला काही भाग मी भरून देतो असे म्हणालो, तेव्हा अध्यक्षताई म्हणाल्या, "साहेब, बेणं उगवलं नाही म्हणून कुणी शेतकी अधिकाऱ्याला दंड करतं होय? पुढच्या वेळी बेणं बघून द्या म्हणजे झालं."

विनंती

म्हणून संचालक मंडळाला आणि सभासदांना तीन विनंत्या करतो.

पहिली, ज्या गटांचे, तरुणांचे ऑनलाइन दुकान आहे किंवा निघणार आहे त्यांनी लेखांसाठी कोणालाही आगाऊ पैसे देण्याआधी गटकचेरीत एकदा बोलून जावे. पहिल्या नंबरची लेखी खात्री देणारा माणूस दिसला की तिथूनच परत फिरावे.

दुसरी, कारखान्याच्या संगणक विभागाने गळीत संपल्यावर एक दिवस काढून गुगल ट्रेंड्स आणि सर्च कन्सोल कसे वापरायचे ते या मुलामुलींना दाखवावे. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी गूळ करणाऱ्यांना उसाची पक्वता आणि रसाची प्रत यांवर तासभर मार्गदर्शन करावे. यात खर्च चहापाण्याचाच.

तिसरी विनंती भगिनींना. आजच शंभर पानी वही घ्या. गिऱ्हाईक पुढचा जो प्रश्न विचारेल तो त्याच्याच शब्दांत पहिल्या पानावर लिहा. उत्तर ठाऊक नसेल तर जागा मोकळी ठेवा आणि मला विचारा. मला ठाऊक नसेल तर मी पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये विचारून सांगेन. पण या वेळी मान हलवत बसणार नाही, एवढा शब्द देतो.

पुढच्या अंकात खोडवा.